बोना स्फोर्त्सा : चरित्र आणि दंतकथा

पोलंडच्या बाजारात सूप करण्यासाठी गाजर, पार्स्लीचे मूळ, सेलरी, लीक अशा भाज्यांची एक जुडी बांधून विकली जाते. तिला पोलिश भाषेत ‘व्वॉश्चिझ्ना’ म्हणतात. या शब्दाचा अर्थ ‘इटलीकडचे’ असा आहे. कारण इटलीला पोलिश भाषेत ‘व्वोखी’ असे नाव आहे. या भाज्या सोळाव्या शतकात इटलीहून आलेल्या राणी बोना स्फोर्त्साने पोलंडला आणल्या, असे तेथील शाळकरी मुलेही सांगतात. त्याच पोलंडमध्ये तिच्याविषयी आणखी एक गोष्ट सांगितली जाते. बोनाने इटलीहून विषही आणले आणि ज्यांनी ज्यांनी तिच्या वाटेत यावे त्यांना ते चारले, अशी ती गोष्ट आहे.

या दोन्ही गोष्टी परस्परविरोधी वाटल्या तरी त्यांच्या मुळाशी एकच समजूत आहे. परक्या देशातून आलेली स्त्री स्वतः काही करीत नाही, ती केवळ आपल्याबरोबर काहीतरी घेऊन येते, ही ती समजूत होय. जे रुचले त्याला भाजी म्हणावे आणि जे सलले त्याला विष म्हणावे, इतकाच काय तो फरक. अडतीस वर्षे एका राज्याच्या कारभारात सक्रिय राहिलेल्या स्त्रीचे चरित्र अशा दोन वस्तूंत कसे आटून गेले, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. दंतकथा बाजूला सारून चरित्राकडे जावे असे म्हणणे सोपे असते. परंतु बोनाच्या बाबतीत दंतकथा हीच तिच्या चरित्रातील एक प्रमुख घटना आहे, हे आधी मान्य करावे लागते.

बोनाचा जन्म २ फेब्रुवारी १४९४ रोजी मिलानजवळच्या विजेव्हानो येथे झाला. तिचा पिता जान गालेआत्सो स्फोर्त्सा हा मिलानचा ड्यूक होता, परंतु नावापुरताच. खरी सत्ता त्याचा चुलता लुडोव्हिको याच्या हाती होती. तिची आई इझाबेला ही नेपल्सच्या आरागोन राजघराण्यातली. या दांपत्याच्या सन्मानार्थ १४९० साली मिलानमध्ये जो सोहळा झाला, त्यातील फिरत्या ग्रहांचे स्वर्गदृश्य लिओनार्दो दा विंचीने रचले होते. त्या कृत्रिम स्वर्गाचे आयुष्य एका रात्रीचे होते आणि इझाबेलाचे वैभवही त्याहून फारसे टिकले नाही. ऑक्टोबर १४९४ मध्ये जान गालेआत्सो मरण पावला. लुडोव्हिकोने ड्यूकपद बळकावले. दुसऱ्याच वर्षी फ्रान्सच्या आठव्या चार्ल्सने नेपल्स घेतले आणि इझाबेलाचे माहेरही डळमळले. पुढे लुडोव्हिकोचीही सत्ता फ्रेंचांनी उलथवली. बोनाच्या एकुलत्या एका भावाला फ्रान्सच्या बाराव्या लुईने फ्रान्सला नेले. तो परत आला नाही. १५१२ साली घोड्यावरून पडून त्याचा तेथेच अंत झाला. दुर्दैवाच्या बाबतीत आपल्यासारखी आपणच, अशा आशयाची सही इझाबेला आपल्या पत्रांखाली करू लागली होती.

इटलीच्या दक्षिण टोकाकडील बारी ही छोटी जहागीर एवढेच इझाबेलाच्या वाट्याला उरले. मुलीला घेऊन ती तेथे राहिली. तटबंदीची डागडुजी करणे, बंदराचे आणि जकातीचे हिशेब पाहणे, विद्वानांना जवळ करणे, ही तिची कामे बोना लहानपणापासून पाहत होती. क्रिसोस्तोमो कोलोन्ना या मानवतावादी पंडिताकडे बोनाने लॅटिन काव्याचे आणि इतिहासाचे अध्ययन केले. प्रबोधनकाळातील राजकन्येच्या शिक्षणाचे कौतुक वाङ्मयेतिहासात पुष्कळ झाले आहे. बोनाने मात्र बारीत आणखी एक विद्या संपादन केली असे म्हणावे लागते. वारसा, मान आणि करार हे सारे एका रात्रीत नाहीसे होऊ शकते. टिकते ती आपल्या ताब्यातली जमीन आणि आपल्या पेटीतला पैसा, हा धडा तिने आईच्या आयुष्यावरून घेतला. तिच्या पुढील वर्तनातील पुष्कळ गोष्टींचा उलगडा या एका धड्यावरून होतो.

पोलंडचा राजा आणि लिथुआनियाचा ग्रँड ड्यूक पहिला सिगिस्मुंड हा याग्येलो घराण्यातला. त्याची पहिली पत्नी बार्बारा झापोल्या १५१५ साली निवर्तली होती. त्याला पुत्र नव्हता. हाब्सबर्ग सम्राट मॅक्सिमिलियन याने त्याच्यासाठी बोनाचे नाव सुचविले. बोनाची आत्या ही मॅक्सिमिलियनची पत्नी होती आणि या विवाहामुळे पोलंड हाब्सबर्गांच्या कह्यात राहील असा त्याचा अंदाज असावा. ६ डिसेंबर १५१७ रोजी नेपल्समध्ये राजाच्या प्रतिनिधीच्या साक्षीने विवाह झाला. एप्रिल १५१८ मध्ये बोना क्राकूवला पोहोचली आणि १८ एप्रिल रोजी विवाहविधी व राज्याभिषेक झाला. वधू चोवीस वर्षांची होती, वर एक्कावन्न वर्षांचा. आंद्झेय क्षित्स्की, यान दांतिशेक या दरबारी कवींनी लॅटिनमध्ये विवाहगीते रचली. सम्राटाचा अंदाज मात्र साफ चुकला. पुढील आयुष्यभर हाब्सबर्गांचा सर्वांत चिकाटीचा विरोध पोलंडमध्ये कोणी केला असेल तर तो बोनाने.

येथे भाजीच्या दंतकथेचा विचार करणे सोयीचे होईल. बोनाने पोलंडमध्ये प्रबोधन आणले, हे विधान अनेक सामान्य ग्रंथांत आढळते. वस्तुस्थिती अशी की बोना येण्यापूर्वीच वावेलच्या राजवाड्याची नवी बांधणी फ्लोरेन्सच्या कारागिरांनी सुरू केली होती. सिगिस्मुंड तरुणपणी हंगेरीच्या दरबारी राहिला होता आणि नव्या शैलीची गोडी त्याला तेथे लागली होती. बार्तोलोमेओ बेरेच्चीने बांधलेले सिगिस्मुंडचे प्रार्थनामंदिर हे आल्प्सच्या उत्तरेकडील प्रबोधनशैलीचे सर्वोत्तम उदाहरण मानले जाते. १५३३ साली पूर्ण झालेल्या या वास्तूची योजना १५१७ मध्येच, म्हणजे बोनाने क्राकूवमध्ये पाऊल ठेवण्याआधी, ठरली होती. भाज्यांचेही तसेच. त्यांपैकी काही पोलंडमध्ये पूर्वीपासून ठाऊक होत्या. बोनाच्या इटालियन माळ्यांनी आणि आचाऱ्यांनी त्यांची चाल वाढविली एवढेच म्हणता येईल. भाषेने त्या साऱ्या प्रक्रियेचे श्रेय एका शब्दात साठवले आणि लोकस्मृतीने तो शब्द एका व्यक्तीच्या नावावर चढवला.

मग बोनाचे स्वतःचे वाङ्मयीन कार्य कोणते? त्याचे एक लहान पण बोलके उदाहरण देता येते. मिकोवाय हुसोव्स्की हा लिथुआनियाच्या जंगलभागाशी परिचित असलेला कवी रोमला पोलिश वकिलातीबरोबर गेला होता. शिकारीची आवड असलेल्या दहाव्या लिओ या पोपसाठी त्याने रानगव्यावर, म्हणजे बायसनवर, हजाराहून अधिक ओळींचे लॅटिन काव्य लिहावयास घेतले. १५२१ साली पोप वारला. पुढच्या वर्षी कवीचा आश्रयदाता बिशपही वारला. निराधार झालेला कवी क्राकूवला परतला आणि १५२३ साली ते काव्य त्याने राणी बोनाला अर्पण करून छापले. उत्तरेच्या अरण्यातील पशू, रोमची भाषा आणि बारीहून आलेली राणी हे तिन्ही त्या छोट्याशा पुस्तकात एकत्र आले आहेत. आज पोलंड, लिथुआनिया आणि बेलारूस या तिन्ही देशांचे वाङ्मयेतिहासकार हे काव्य आपले मानतात. बोनाने ते निर्माण केले नाही. पण ते ज्याच्या हाती ठेवावे असा एक वाचक क्राकूवच्या दरबारात होता, ही गोष्ट कमी महत्त्वाची नाही.

बोनाचे खरे कर्तृत्व मात्र काव्याच्या क्षेत्रात नव्हते. ते जमिनीच्या क्षेत्रात होते. पोलंडमध्ये राजाची सत्ता फार मर्यादित होती. १५०५ च्या कायद्यानुसार सरदारवर्गाच्या संमतीवाचून राजाला नवा कायदा करता येत नसे. राजघराण्याच्या कित्येक जमिनी सरदारांकडे गहाण पडल्या होत्या आणि त्यांचे उत्पन्न तेच खात होते. बोनाने स्वतःचा पैसा घालून या जमिनी एकामागून एक सोडवून घेतल्या. आई १५२४ साली वारल्यावर बारी आणि रोस्सानो या इटलीतील जहागिरी तिच्याकडे आल्या. त्यांच्या उत्पन्नाचाही तिला आधार झाला. लिथुआनियात पिन्स्क, कोब्रिन यांसारख्या प्रदेशांत तिने जमिनीची पद्धतशीर मोजणी करविली, सारा ठरवून दिला, हिशेब ठेवविले. तातारांच्या स्वाऱ्यांनी उजाड झालेल्या पोडोलियात तिने रूव नावाचे गाव घेऊन तेथे किल्ला उभारला आणि त्या गावाला आपल्या बारीवरून ‘बार’ हे नाव दिले. आज युक्रेनमध्ये असलेले हे शहर त्याच नावाने ओळखले जाते. सासरच्या सरहद्दीवर माहेरचे नाव कोरून ठेवणारी राणी इतिहासात विरळाच म्हणावी लागेल.

या कार्याचे मूल्यमापन करताना एकांगी होऊन चालणार नाही. बोनाच्या जमिनींवर जे प्रयोग झाले तेच पुढे सिगिस्मुंड ऑगस्टसच्या १५५७ च्या जमीनमोजणी कायद्यात विस्तृत प्रमाणावर अवतरले. त्यामुळे राज्याचे उत्पन्न वाढले, शेती सुधारली. परंतु मोजलेल्या जमिनीबरोबर मोजलेला शेतकरीही त्या जमिनीशी अधिक घट्ट बांधला गेला, वेठ वाढली, हेही तितकेच खरे. शिवाय पदे आणि नेमणुका देताना बोना पैसे घेत असे, हा तिच्यावरील आरोप शत्रूंनी रचलेला नव्हता. संपत्तीविषयीची तिची आसक्ती समकालीनांना खुपली यात नवल नाही. प्रश्न इतकाच की तीच आसक्ती सरदारांच्या अंगी असता तिला कोणी दोष म्हटले असते काय?

१५२० साली बोनाला सिगिस्मुंड ऑगस्टस हा पुत्र झाला. १५२७ मध्ये गरोदर असताना ती निएपोवोमित्सेच्या जंगलात अस्वलाच्या शिकारीला गेली असता घोड्यावरून पडली. अकाली जन्मलेला मुलगा त्याच दिवशी वारला आणि पुढे तिला अपत्य झाले नाही. त्यानंतर एकुलत्या पुत्राचे भवितव्य निश्चित करण्याचा तिने ध्यास घेतला. पोलंडमध्ये राजा निवडला जात असे, आणि तोही आधीचा राजा गेल्यावर. बोनाच्या प्रयत्नाने हा संकेत मोडला गेला. फेब्रुवारी १५३० मध्ये, पिता जिवंत असताना, दहा वर्षेही पूर्ण न झालेल्या मुलाला राज्याभिषेक झाला. सरदारवर्गाने हे कधीच विसरले नाही. १५३७ साली ल्वूव येथे मोहिमेसाठी जमलेल्या सरदारांनी लढाईऐवजी राजापुढे तक्रारींची यादी ठेवली. त्यात राणी जमिनी विकत घेते आणि तरुण राजाला बायकांच्या संगतीत वाढवते, या तक्रारी होत्या. परिसरातील कोंबड्या फस्त करून हे बंड विरले आणि ‘कोंबड्यांचे युद्ध’ या नावाने थट्टेचा विषय झाले. त्यात व्यक्त झालेली भीती मात्र थट्टेची नव्हती. राणीच्या पैशाने राजसत्ता बळकट होत होती आणि सरदारांना ते नको होते. हे उघड बोलण्यापेक्षा परक्या बाईच्या लोभाविषयी बोलणे सोयीचे होते.

विषाच्या दंतकथेचा उगम याच वातावरणात झाला. मझोवियाचे दोन तरुण ड्यूक १५२४ आणि १५२६ मध्ये पाठोपाठ वारले व तो प्रांत पोलिश राज्यात सामील झाला. लगेच बोनाचे नाव पुढे आले. राजाने चौकशी करवून मृत्यू नैसर्गिक असल्याचे जाहीर केले तरी कुजबूज थांबली नाही. पुढे सिगिस्मुंड ऑगस्टसची पहिली पत्नी एलिझाबेथ हिला बोनाने जाच केला. हाब्सबर्ग घराण्यातून आलेली ही तरुण सून अपस्माराने पीडित होती. आपणही एकेकाळी परक्या घरात आलो होतो याची आठवण बोनाला या मुलीकडे पाहताना झाली नाही, ही तिच्या चरित्रातील दुखरी जागा आहे. १५४५ मध्ये एलिझाबेथ वारली. मग १५४७ मध्ये तरुण राजाने बार्बारा राजिविल या लिथुआनियन विधवेशी गुप्तपणे विवाह केला. बोनाने त्याला कडाडून विरोध केला. प्रजेशी झालेला विवाह तिच्या सर्व राजकारणावर पाणी टाकणारा होता. १ एप्रिल १५४८ रोजी वृद्ध सिगिस्मुंड वारला आणि त्याच वर्षी बोना मुलींसह क्राकूव सोडून वॉर्साला जाऊन राहिली. डिसेंबर १५५० मध्ये बार्बाराला राणीपदाचा अभिषेक झाला आणि पाच महिन्यांत, ८ मे १५५१ रोजी, ती दीर्घ आजाराने मरण पावली. तिच्या आजाराची लक्षणे कर्करोगासारख्या व्याधीकडे बोट दाखवतात, असे आजचे बहुतेक अभ्यासक मानतात. लोकांनी मात्र निकाल आधीच देऊन ठेवला होता.

या निकालावर साहित्याने मोहोर उठविली. स्वातंत्र्य गमावलेल्या एकोणिसाव्या शतकातील पोलंडला बार्बाराच्या प्रेमकथेत आपले दुःख दिसले. आलोइझी फेलिन्स्कीच्या १८१७ साली रंगभूमीवर आलेल्या शोकांतिकेत बार्बारा ही निष्पाप नायिका आणि बोना ही विषप्रयोग करणारी सासू म्हणून उभी राहिली. शोकांतिकेला खलनायिका हवी होती आणि ती परकी असली तर प्रेक्षकाच्या स्वाभिमानाला धक्का लागत नव्हता. बोनाचे समतोल चरित्र लिहिले जाण्यास विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला. व्वादिस्वाव पोचिएखा यांनी चार खंडांत कागदपत्रांच्या आधारे राणीचा काळ उभा केला. १९८९ मध्ये मारिया बोगुत्स्का यांनी नव्या दृष्टीने तिचे चरित्र लिहिले. विद्वानांचे ग्रंथ आणि रंगभूमीवरील प्रतिमा यांच्या शर्यतीत ग्रंथ नेहमीच मागून येतात, याचे हे आणखी एक उदाहरण.

मुलाशी झालेला दुरावा सांधला गेला नाही. पोलिश सेनेटने विरोध केला, पण पोलंड-लिथुआनियातील आपल्या मालमत्तेवर पाणी सोडून १५५६ च्या फेब्रुवारीत बोनाने वॉर्सा सोडले. वाटेत व्हेनिसने तिचे भव्य स्वागत केले. त्या प्रसंगी लॅटिन भाषण करण्यासाठी कासान्द्रा फेदेले या विदुषीला पाचारण करण्यात आले होते. नव्वदी गाठलेल्या कासान्द्राने तारुण्यात आपल्या वक्तृत्वाने विद्वानांना थक्क केले होते. पुढे विवाहानंतर तिचा आवाज दीर्घकाळ ऐकू आला नाही. सत्ता उपभोगून ती सोडून आलेली राणी आणि विद्या संपादून विस्मरणात गेलेली पंडिता अशा त्या समोरासमोर आल्या. प्रबोधनाने स्त्रीला काय दिले आणि काय दिले नाही याविषयी ज्या विद्यार्थ्याला विचार करावयाचा असेल, त्याने या प्रसंगापासून आरंभ करावा.

बारीला बोना परत आली ती अडतीस वर्षांनी, आणि फार मोठी संपत्ती घेऊन. स्पेनचा दुसरा फिलिप त्या वेळी नेपल्सचा अधिपती होता आणि त्याला युद्धासाठी पैसा हवा होता. बोनाने त्याला ४,३०,००० ड्यूकॅट कर्जाऊ दिले. तारण होते फोज्जा येथील जकातीचे उत्पन्न. आयुष्यभर गहाण जमिनी सोडविणाऱ्या राणीने अखेरीस स्वतःच सावकारी केली, आणि ती एका अशा राजाशी, ज्याच्याकडून वसुली करणे कोणालाही शक्य नव्हते. नोव्हेंबर १५५७ मध्ये ती आजारी पडली. १७ नोव्हेंबर रोजी तिच्या विश्वासातील दरबारी जान लोरेन्त्सो पाप्पाकोदा याने तिच्याकडून एक मृत्युपत्र करवून घेतले. त्यात बारी फिलिपला मिळावे असे होते. दुसऱ्या दिवशी थोडी शुद्धी येताच तिने दुसरे मृत्युपत्र सांगितले आणि मुलाला वारस केले. १९ नोव्हेंबर रोजी तिचे निधन झाले. फिलिपसाठी काम करणाऱ्या पाप्पाकोदाने तिच्यावर विषप्रयोग करविला असे इतिहासकार सामान्यतः मानतात. बारी फिलिपकडे गेले आणि पाप्पाकोदाला बक्षिसी मिळाली.

बोनाच्या नावाशी जोडलेल्या साऱ्या विषप्रयोगांपैकी ज्याला सबळ आधार आहे असा हा एकच, आणि त्यात बळी स्वतः बोना आहे. तरीही विषकन्या म्हणून तीच प्रसिद्ध राहिली. तिने दिलेल्या कर्जाचे मुद्दल पोलंडच्या राजांनी पिढ्यान्‌पिढ्या मागितले. मधूनमधून थोडे व्याज आले, मुद्दल आले नाही. ‘नेपल्सची रक्कम’ हा पोलिश भाषेत कधीच वसूल न होणाऱ्या येण्याचा वाक्प्रचार होऊन बसला. अशा रीतीने बोनाने पोलिश भाषेला दोन शब्द दिले: एक स्वयंपाकघरात गेला, दुसरा हिशेबाच्या वहीत.

तिच्या मुलीही परदेशी गेल्या. इझाबेला हंगेरीच्या राजाला दिली गेली, पुढच्याच वर्षी विधवा झाली आणि सुलतान सुलेमान व हाब्सबर्ग यांच्या कात्रीत मुलाचे राज्य सांभाळत राहिली. सोफिया ब्रुन्सविकला गेली, कॅथरीन स्वीडनला. सिगिस्मुंड ऑगस्टस १५७२ मध्ये निपुत्रिक वारला आणि ज्या घराण्यासाठी बोनाने इतका अट्टाहास केला त्याची पुरुषशाखा संपली. तरी कॅथरीनचा मुलगा सिगिस्मुंड वासा १५८७ साली पोलंडचा राजा म्हणून निवडला गेला. म्हणजे राज्य परत आले ते परक्या घरी दिलेल्या मुलीच्या पोटी.

आना ही मुलगी मात्र मागे राहिली होती. १५७५ साली ती स्तेफान बाथोरीबरोबर पोलंडच्या गादीसाठी निवडली गेली. विवाह झाला तेव्हा तिने पन्नाशी ओलांडली होती. बारीच्या संत निकोलसच्या मंदिरात आईची समाधी तिने उभारविली. ती १५९३ साली पूर्ण झाली. वेदीच्या मागे बोनाची संगमरवरी मूर्ती गुडघे टेकून, हात जोडून बसलेली आहे. यात्रेकरू संताच्या दर्शनाला येतात आणि बहुतेक तिच्याकडे न पाहताच परततात. इतिहासाच्या अभ्यासकाने तेथे थोडे थांबावे. ती समाधी बारीच्या बोनाची नाही, मिलानच्या राजकन्येचीही नाही. ती पोलंडच्या राणीची आहे, आणि तसे म्हणणारी तिची मुलगी होती. सासरच्या भूमीने जो मान तिला जिवंतपणी पुरतेपणी दिला नाही, तो त्याच भूमीत जन्मलेल्या मुलीने आईच्या माहेरी नेऊन ठेवला. बोनाच्या येण्यांपैकी वसूल झालेले हे एक येणे म्हणता येईल.